तोसियुसची ओळ

फादियुस या लेखकाचं पुस्तकवाचनाचं निमंत्रण आलं तेव्हा तोसियाला वाटलं, बापाची टिंगल ऐकवायलाच बोलावलंय. तिचा बाप, हेरियुस तोसियुस, कालेस गावचा, शोकनाटकं लिहायचा. त्याच्या म्हातारपणी रोममधल्या नव्या कवींनी त्याच्या ओळींना बैलगाडीचा खडखडाट म्हणून हिणवलं होतं. तो जाऊन जमाना लोटला, पण तो सल काही तिच्या मनातून गेला नव्हता.

तरी ती गेली. ठेवणीतली शाल पांघरून थेट पुढच्या बाकावर बसली.

फादियुस वेदनेवरचं आपलं नवं पुस्तक मित्रमंडळींना वाचून दाखवत होता. ग्रीक तत्त्वज्ञांची मतं सांगून झाली, त्यांचं खंडनही झालं. मग तो जरा थांबला आणि आवाज चढवून म्हणाला, "जायबंदी सेनापती आपल्या माणसांना काय सांगतो? 'पाय मोडलाय माझा, उभं राहणं नाही मोडलं!'"

तोसिया बाकावर पुढे सरकली. ही तर तिच्या बापाची ओळ!

"वा!" थेओम्नेस्तोस हा ग्रीक पाहुणा म्हणाला. "आमच्यातल्या कुणाचं भाषांतर केलंस रे?"

"तुमच्यातल्या नाही. अस्सल लॅटिन आहे. तोसियुसच्या नाटकातलं."

"तो बैलगाडीवाला? अरे, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात असली गावठी माणसं घुसवतोस?"

"पानभर वाद घालून मला जे पटवता येत नाही, ते हा गावठी माणूस एका ओळीत पटवतो. आणि जरा जपून बोल, त्याची लेक समोर बसलीय." फादियुस तिच्याकडे वळला. "बाई, पुढचं म्हणाल?"

तोसिया उठली. "ढाल द्या हाती..." एवढंच निघालं. पुढचा शब्द काही केल्या येईना.

तेवढ्यात मागून एक घोगरा आवाज आला, "...अन् तोंड माझं वैऱ्याकडे करा!"

तरुणपणी ते नाटक पाहिलेले म्हातारे तिथे बसले होते. एकाने ओळ उचलली, दुसऱ्याने पुढची. अख्खं भाषण त्यांनी मिळून म्हटलं. मध्येच तोसियाचा आवाज त्यात मिसळला आणि बघता बघता सगळ्यांच्या वर चढला.

थेओम्नेस्तोस उठून तिच्याजवळ आला. "जीभ घसरली माझी, बाई. ती ओळ सावकाश सांगा ना, पाठ करतो."

तिने सांगितली. तो चुकला तेव्हा दटावलंही, "असं नाही हो! 'उभं राहणं'वर जोर द्या."

निघताना फादियुसने विचारलं, "रिवाजाप्रमाणे पुस्तकात नुसतं 'एक कवी म्हणतो' असं लिहिलंय. चालेल ना?"

"नाही चालणार," तोसिया ताठ मानेने म्हणाली. "हेरियुस तोसियुस असं लिहा. आणि कालेसचा, हेही लिहा."

फादियुस हसला, आणि तिच्यादेखतच त्याने लेखनिकाला हाक मारली.