डगला घेऊन जाईपर्यंत

खुंटीला टांगलेली ही लांब दांडी आणि तिच्या टोकाची ताटाएवढी चकती दिसतेय ना, मित्रांनो? तो मी. जमिनीत पुरलेलं लोखंड शोधणारा एक म्हातारा धातुशोधक. माझी दांडी दोनदा मोडून जोडली आहे आणि चकतीवरचा रंग केव्हाच उडाला आहे. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. सेल घालून बघा हवं तर.

माझा जन्म दूर देशातल्या एका थंड, स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे मला एकच गोष्ट शिकवली. खाली धातू असेल तर ओरडायचं, नसेल तर गप्प राहायचं. मग एका खोक्यात भुशाच्या गादीवर झोपून मी लाओसच्या डोंगराळ भागात, शिएंग ख्वांगला आलो. इथली माती तांबडी, हवा गार आणि कुरणं दूरवर पसरलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढ्या सुंदर जागी मला काय काम असणार! पण जमिनीवर ठेवताच मी जो ओरडायला लागलो, तो संध्याकाळपर्यंत थांबलो नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी इथे युद्ध झालं, मित्रांनो. विमानांतून मुठीएवढे गोल बॉम्ब पावसासारखे पडले. इथले लोक त्यांना बोम्बी म्हणतात. त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत. ते मातीत शिरून पडून राहिले. भात लावताना कुदळ त्यांच्यावर पडते, चुलीच्या धगीनं ते खालून फुटतात, पोरांना ते चेंडू वाटतात. ते शोधायचे आणि जागच्या जागी उडवून द्यायचे, हे आमच्या तुकडीचं काम.

मला हातात धरणारी होती ब्लिया. ती मोंग जमातीची, मनगटानं घट्ट आणि स्वभावानं शांत. तुकडीचा म्होरक्या खामफाय. तो खालच्या खोऱ्यातला लाओ माणूस, गळ्यात कायम भोंगा अडकवलेला. बॉम्ब उडवण्याआधी त्या भोंग्यातून तो साऱ्या रानाला सावध करायचा. मी खिळ्यालाही ओरडतो, बाटलीच्या झाकणालाही ओरडतो, म्हणून त्यानं माझं नाव सासूबाई ठेवलं होतं.

"काय गं ब्लिया, आज सासूबाईंना काय खुपलं?"

"सार्डिन माशांचा डबा, दादा."

"धन्य आहे. पण ओरडू दे. गप्प बसणाऱ्या सासूचीच जास्त भीती असते."

मला राग यायचा नाही. कौतुक कळत होतं. मी ओरडलो की सगळे जागच्या जागी थिजत. एवढा मान कुठल्या यंत्राला मिळतो सांगा!

एकदा आम्ही झुआ आजीच्या शेतावर आलो. ब्लियाच्याच जमातीची ही म्हातारी काटक होती आणि तिची जीभ तिखट होती. शेताच्या वरच्या अंगाला पूर्वी तिच्या आईबापाचं घर होतं. युद्धात ते जळालं. आता तिथे चुलीचे दगड होते, एक पीचचं झाड होतं आणि मधल्या खांबाचा कुजलेला बुंधा होता. आजीला ती जागा लवकर साफ करून हवी होती.

"तिथं तर काही पिकत नाही, आजी," खामफाय म्हणाला. "आधी खालचं भाताचं करू."

"भात थांबेल रे भोंगेवाल्या. माझा भाऊ थांबणार नाही."

तिचा धाकटा भाऊ नुकताच अमेरिकेत वारला होता. मोंग लोकांत मुलगा जन्मला की त्याची वार, म्हणजे आईच्या पोटात त्याच्याबरोबर वाढलेलं वेष्टन, घराच्या मधल्या खांबाखाली पुरतात. तो त्याचा पहिला डगला. माणूस मेला की वाटाड्या गाणं म्हणून त्याच्या आत्म्याला जिथं जिथं तो राहिला त्या एकेका गावातून मागे नेतो, थेट जन्मघरापर्यंत. तिथे खांबाखाली खणून तो आपला डगला अंगात घालतो आणि मग पूर्वजांकडे जातो. डगला नसेल तर पूर्वज त्याला ओळखत नाहीत. आजीला भावाच्या गाण्याच्या दिवशी खांबापाशी उदबत्त्या रोवून, कोंबडी आणि भात ठेवून त्याची वाट बघायची होती.

एवढं सगळं तिनं सांगितलं. भावाचं नाव मात्र घेतलं नाही. ब्लियाला कारण ठाऊक होतं आणि मला वाटतं, खामफायलाही अंदाज आला होता. तो भाऊ पोरवयातच अमेरिकनांच्या बाजूनं लढला होता. रानात कोसळलेल्या त्यांच्या वैमानिकांना त्यानं पाठीवरून उचलून आणलं होतं. युद्ध हरल्यावर तो मेकाँग नदी ओलांडून पळाला. म्हातारपणी त्या परक्या देशात त्याच्यासारख्यांच्या आठवणीसाठी एक दगड उभारला गेला आणि त्यापुढे लोक टोप्या काढून उभे राहिले म्हणे. इथे मात्र त्याचं नाव मोठ्यानं घेण्याची सोय नव्हती. खामफायचा बाप दुसऱ्या, जिंकलेल्या बाजूनं लढला होता. आणि ज्यांच्यासाठी भाऊ लढला, त्यांच्याच विमानांनी त्याच्या घरावर बोम्बी टाकले होते. युद्धाचा असा हिशेब मला अजून लागलेला नाही.

ब्लियानं दोऱ्या आखल्या आणि मला घेऊन ती पट्ट्यापट्ट्यानं सरकू लागली. चुलीपाशी मी ओरडलो. फुटलेल्या बोम्बीच्या कवचाचा एक तुकडा निघाला. पीचपाशी मी गप्प. मग खांबाचा बुंधा आला आणि तिथे ब्लियाचा हात वळला. बाईमाणसानं पुरुषाच्या डगल्यावर पाय देऊ नये, वरून काही फिरवू नये, असं तिच्या आजीनं तिला लहानपणी शिकवलं होतं. तिनं मला बुंध्याच्या भोवतीनं नेलं. टोपलीएवढी जागा कोरी राहिली.

कडेवरून जाताना मला खाली काहीतरी जाणवलं. मी कण्हल्यासारखा बारीक आवाज केला. ब्लियाला वाटलं, चुलीपाशी मातीत राहिलेला लोखंडाचा चुराच वाजतोय. मित्रांनो, मला तोंड आहे, पण शब्द नाहीत. नेमक्या त्याच जागी उद्या ती म्हातारी गुडघे टेकून उदबत्त्या रोवणार होती.

पण आमच्यात एक शिरस्ता होता. एकानं तपासलं की दुसऱ्यानं पुन्हा तपासायचं. दुपारी खामफायनं मला उचललं आणि तो सरळ बुंध्यावर आला. त्याला कुठे डगल्याचं बंधन! मी असा किंचाळलो की खाली बांधावर मका सोलत बसलेल्या बायकाही उठून उभ्या राहिल्या.

खामफाय पालथा झोपला आणि बाजूनं माती खरवडू लागला. बुंध्याच्या मुळाला टेकून बोम्बी बसला होता. गंजलेला, गोल, अगदी शाबूत.

"ब्लिया, ही जागा तू बघितली होतीस?"

ब्लियाचा चेहरा उतरला. "नाही दादा. मी वळसा घातला. ती... ती डगल्याची जागा आहे."

खामफाय तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. त्यानं आताही चढवला नाही. "आणि उद्या आजी इथं बसली असती," एवढंच तो म्हणाला. ब्लिया खाली बसली आणि तोंड झाकून रडली. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

खरी अडचण तर पुढेच होती. सापडलेला बोम्बी हलवायचा नसतो. दारू लावून त्याच दिवशी, तिथेच उडवायचा असतो. आजीला हे सांगितलं तेव्हा ती दोरीच्या बाहेर मटकन बसली.

"गाणं उद्या आहे रे. तिकडं रात्र असेल तेव्हा इथं सकाळ. आज उडवलंस तर खांबाखालचं सगळं जाईल. तो एवढ्या लांबून येईल आणि त्याला डगला मिळणार नाही."

"आणि नाही उडवला तर? तो बोम्बीशेजारी खणणार का?" खामफायनं विचारलं.

"तो एकदा मेलाय. दुसऱ्यांदा नाही मरायचा," आजी म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "युद्धानं त्याचं घर नेलं, गाव नेलं. आता डगला तरी राहू दे."

खामफायनं पुष्कळ वेळ भोंग्याच्या पट्ट्याशी चाळा केला. मग तो टेकाडावर जाऊन मुख्य कचेरीशी फोनवर बोलला. हातवारे बघून कळत होतं की पलीकडून नकार येतोय. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"उद्या सकाळी उडवायचा. तोवर पहारा ठेवायची जबाबदारी माझी. गुरंढोरंसुद्धा इकडं फिरकता कामा नयेत."

"गाणं लांबलचक असतं हं, दादा," ब्लिया म्हणाली.

"मग चिकट भात जास्तीचा आण."

दुसऱ्या सकाळी दारू लावली, वाळूच्या पिशव्या रचल्या आणि तार ओढत सगळे लांबच्या बांधामागे आले. मी ब्लियाच्या मांडीवर होतो. खामफायच्या पुढ्यात बटणाची पेटी. आजीच्या हातात फोन आणि फोनमध्ये अमेरिकेतून तिचा भाचा, त्या भावाचा मुलगा लेंग.

"आत्या, ऐकू येतंय का? वाटाड्या सुरू करतोय."

"येतंय रे बाळा. तू फोन त्याच्याजवळ धर. आणि जेव काहीतरी."

गाणं सुरू झालं. खामफायला मोंग भाषा येत नव्हती. तो हळूच विचारायचा, "कुठवर आले?"

"अजून अमेरिकेतच. बर्फातल्या घराचे आभार मानतायत."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"थायलंडची छावणी."

"आणि आता?"

"मेकाँग ओलांडतोय."

"एवढा वेळ?"

"म्हातारा माणूस आहे, दादा. आणि पुढं सगळा चढ आहे."

"बरं बरं. सावकाश येऊ दे." खामफायनं भाताचा गोळा मिरचीत बुडवून आजीपुढे धरला. तिनं तो घेतला, पण खाल्ला नाही. ती वरच्या पीचच्या झाडाकडे टक लावून बघत होती.

कचेरीतून एकदा फोन आला. खामफाय म्हणाला, "अजून एक माणूस आवारात आहे, साहेब. तो बाहेर पडला की लगेच." मित्रांनो, मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो थट्टा करत नव्हता.

शेवटी ब्लिया कुजबुजली, "पोचला. खांबापाशी खणतोय." थोड्या वेळानं पुन्हा, "डगला हातात आला... घातला. आता निघायचं म्हणतायत."

खामफायचा अंगठा बटणाकडे गेला नाही. "बंद बांधू दे नीट," तो म्हणाला आणि आणखी थोडा थांबला. मग आजीकडे वळला. "आजी, त्यांचं नाव काय?"

आजीनं त्याच्याकडे बघितलं. शत्रूच्या मुलाकडे बघावं तसं आधी आणि मग आपल्या मुलाकडे बघावं तसं. "चोंग नेंग," ती म्हणाली.

खामफाय उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं बांधावर ठेवली आणि भोंगा तोंडाला लावला. आधी रोजचा इशारा झाला. मग तो आणखी मोठ्यानं ओरडला, "चोंग नेंगदादा, इथं स्फोट होणार आहे! डगला घेऊन पुढं व्हा! वाट मोकळी आहे, सावकाश जा!"

डोंगरांनी ते नाव परत म्हटलं. एवढ्या वर्षांत त्या खोऱ्यात ते पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं होतं. आजीनं पदरासारखा आपला फडका तोंडावर ओढला. मग खामफायनं बटण दाबलं.

धूळ बसल्यावर आम्ही वर गेलो. बुंधा नव्हता. ब्लियानं मला त्या खड्ड्यावर धरलं आणि या वेळी ती कुठेही वळली नाही. मी तुकड्यातुकड्यावर ओरडलो. तिनं एकेक वेचला. पुन्हा फिरवलं, पुन्हा वेचला. मग एकदा तिनं मला या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलं आणि मी गप्प राहिलो.

"सासूबाई काही बोलत नाहीत, आजी," खामफाय म्हणाला. "आता बसा."

आजी खड्ड्यात उतरली आणि तिनं आपल्या दहाही बोटांनी माती उकरून उदबत्त्या रोवल्या.

त्यानंतरही मी पुष्कळ रानं फिरलो. पुढे नवी यंत्रं आली. ती खिळा आणि बोम्बी यांतला फरक सांगतात. मला खुंटीवर टांगलं आणि सेल काढायला विसरले. ते आतच पाझरून माझं पोट गंजलं, तेव्हा वाईट वाटलं. ब्लियानं एकदा येऊन ते पुसून काढलं, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

तुमच्याकडे मागणं थोडंच आहे, मित्रांनो. अनोळखी लोखंडाला हात लावू नका, मोठ्या माणसांना सांगा. आणि जमिनीसारखीच माणसांच्याही पोटात पुष्कळ काही पुरलेलं असतं. तिथे वळसा घालू नका. हलक्या हातानं विचारा, कुणाचं नाव घ्यायचं राहिलंय का. मी आयुष्यभर ओरडलो, पण माझं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते त्या खड्ड्यावरचं गप्प राहणं. माझ्या गप्प राहण्यावर कुणी निर्धास्त बसू शकावं, तेवढ्यासाठीच तर कारखान्यात मला आवाज दिला होता.