भट्टीच्या पोटातलं तिवर

मित्रांनो, अबोलीला या सौद्यात काय मिळायचं होतं ते आधी सांगते : एक टेबल, एक बर्नर आणि अर्धी मी. अर्धी म्हणजे कापून नव्हे हो! आठवड्यातले निम्मे दिवस माझ्या पोटात तिची काच, उरलेले दिवस तिच्या बाबांची. तुर्भ्याच्या एका शेडमधली मी जुनी विजेची भट्टी. माझी वाटणी मागावी इतकी माझी किंमत कुणाला तरी वाटली, याचाच मला केवढा आनंद!

माझा जन्म दिघ्याचा. एका फॅब्रिकेटरने पत्रा वाकवला, आत पांढऱ्या विटा बसवल्या, विटांच्या खाचांतून कॉइल ओवली आणि टेम्पोत घालून मला श्यामसुंदरशेठकडे पाठवलं. शेठ प्रयोगशाळेसाठी काचेचे फ्लास्क बनवतात. ज्वाळेतून निघालेली काच एकदम गार झाली तर तडकते, म्हणून मी तिला पोटात घेते आणि सावकाश निववते. फ्लास्क चांगला निघाला की गिऱ्हाईक शेठना शाबासकी देई, शेठ कारागिरांना देत, आणि कारागीर माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे तापवत. माझा मान वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. शेठ मेन स्विच बंद करून मला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत.

मग त्यांची लेक अबोली शेडमध्ये काम शिकू लागली आणि माझे दिवस पालटले! सारसोळ्याच्या जेटीवरून ती तिवराची पानं खिशात घालून येई. पानांवर खाडीच्या मिठाचे कण चमकत. हिरव्या काचेची कांडी ज्वाळेत मऊ झाली की ती चिमट्याने ओढी, आणि बघता बघता पान! चिखलातून वर डोकावणारी मुळंसुद्धा तिने एकेक करून उभी केली. शेठ चहा पिता पिता टोमणा मारत, की खाडीत फुकट उगवतंय तरी कुणी घरी नेत नाही, काचेचं कोण नेणार?

तर नेरूळच्या एका शाळेने ते मागितलं. मुख्याध्यापिका सुनीतीबाई दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायला येणार होत्या.

"एकही तडा नसेल तर टेबल तुझं," शेठ म्हणाले. "तडकलेला फ्लास्क मी भंगारात टाकतो. लेक म्हणून सूट नाही."

शेठचाही हिशेब पक्का होता. तडा गेलाच, तर टेबल वाचणार आणि वर 'मी म्हटलंच होतं' म्हणायची सोय.

अष्टमीला शेठ घरी गेल्यावर अबोलीला वाटलं, मुळांपाशी खेकडा हवाच. तो जोडून तिने अख्खं तिवर माझ्या पोटात ठेवलं. बुंध्याची काच जाड; दसऱ्याच्या सकाळपर्यंत मला ते हळूहळू निववायचं होतं. काय जपत होते मी त्याला! पण बाबांना सांगायचं ती विसरली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी मी रिकामी असते. शेठच्या हाताला तेवढंच ठाऊक. हात सवयीने मेन स्विचवर गेला आणि माझी कॉइल विझली. मला तोंड असतं तर मी शेड डोक्यावर घेतली असती! विटांनी होती नव्हती ती ऊब धरून ठेवली.

शेठनी माझ्या दाराला हळद लावली आणि बोट झटकन मागे घेतलं. कडीवरचा झेंडूही मलूल पडू लागला होता. आत काय आहे ते बघायला त्यांनी कडीला हात घातला, तेवढ्यात पेढे घेऊन अबोली दारात.

"बाबा, हात काढा. आत तिवर आहे."

शेठचा चेहरा उतरला. मेन आपणच बंद केलाय, हे त्यांनी कसंबसं सांगितलं. अबोली पेढ्यांचा पुडा घट्ट धरून उभी राहिली. शेठ स्विचकडे वळले तसे जुने कारागीर दिनानाथ चाचरत म्हणाले, "शेठ, आज यंत्र चालवत नाहीत."

"माहितीये. मीच शिकवलंय तुला," शेठ म्हणाले आणि त्यांनी मेन चालू केला.

दसऱ्याच्या सकाळी माझं दार उघडलं. पानं शाबूत, मुळं ताठ उभी! फक्त खेकड्याचा एक पाय तुटून पडलेला. अबोली टेबलावरच्या आपल्या कांड्या खोक्यात भरू लागली. इतक्यात सुनीतीबाई आल्या, वाकून बघू लागल्या आणि त्यांनी नेमकं पायाचं विचारलं.

"बाई, खाडीतला खेकडा आहे," शेठ म्हणाले. "मारामारीत एखादा पाय गेला नाही असा एक दाखवा मला."

बाई हसल्या. अबोलीने हळूच विचारलं, "बाबा, आणि अट?"

"अट फ्लास्कची होती. कांड्या काढ बाहेर."

मित्रांनो, यंत्रांना हार जरूर घाला, आम्हांला आवडतो. पण त्याआधी आमच्या पोटात काय चाललंय ते बघा. काच काय, माणूस काय, घाईने निववलं की तडकतं.

आता शेवटचा हिशेब. अबोलीला टेबल मिळालं, बर्नर मिळाला, अर्धी मी मिळाले. शाळेला तिवर मिळालं. खेकड्याने एक पाय भरला. बाकी सगळी रक्कम शेठनी चुकती केली : जन्मभर पाळलेला खंडेनवमीचा नेम, लेकीच्या नावे.