अळणी ताट

मालनने सासूचं मनगट ताटावरच धरलं. मुठीतले खडे पेजेत पडले आणि बुडाले.

"आये, हे काय? मीठ?"

हौसाबाईने हात सोडवायला हिसका दिला. दुपारची वेळ. आतल्या खोलीत मालनचा नवरा दगडू पाय पसरून पडला होता; पोटऱ्या अशा सुजलेल्या की बोट दाबलं तर खळगा तसाच राही. कळव्याच्या मिठागरात उभा जन्म काढलेला माणूस, आणि कल्याणच्या वैद्य त्र्यंबकशास्त्र्यांनी त्याला सांगितलं काय, तर मीठ बंद! पंधरा दिवस मालन अळणी रांधत होती, शेजारणींची बोलणी खात होती, आणि सूज तसूभर हलत नव्हती. काल ती आगगाडीने जाऊन शास्त्रीबुवांना भेटली, तर त्यांनी तिलाच झापलं. "मीठ पोटात जातंय त्याच्या. असंच चाललं तर कपाळ पांढरं होईल तुझं."

"मीठ देत नाय म्हणून कुंकवाची आण घेतली मी शास्त्रीबुवांपुढं!" मालनचा आवाज चिरकला. "खोटी पाडलीत मला!"

"हळू बोल. अळणी भात कुणाला ठेवतात, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. गेलेल्या माणसासाठी कुंपणाबाहेर पानावर भात ठेवत, त्यात मिठाचा कण नसे. मीठ पडलं की मेलेलं माणूस तोंड लावत नाही.

"गुणाजी येतो," म्हातारी कुजबुजली. "रोज जेवणाच्या वक्ताला उंबऱ्याशी उभा ऱ्हातो. अळणी ताट बघून भावाला घेऊन जाईल गं तो."

गुणाजी म्हणजे तिचा थोरला. तीन वर्षांमागे असाच सुजून गेला होता. तरी मालनने मनगट सोडलं नाही.

"त्यांनाबी पथ्य होतं?"

"होतं तर! घास गिळवंना, रडायचा बाबा माझा. मंग मीच मीठ घालायची गुपचूप. शेवटच्या दिसापर्यंत पोटभर जेवला, माझ्या हातचं..."



"आये, पेज आणतेस ना?" आतून दगडूने विचारलं.

हौसाबाईने उंबऱ्याकडे पाहिलं. मग मालनच्या पकडीतून हात सोडवून घेऊन तिने तो पदराला पुसला, पुन्हा पुसला.

"मालन, तो ताटाकडं नाय गं बघत."

"मग?"

"माझ्या हाताकडं बघतो."