गरम पाण्याचा ठराव

आता मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. इतक्या वर्षांत थापाड्या म्हणून कमावलेलं नाव एका दिवसात धुळीला मिळेल. आमच्या भागात मला रेडिओ म्हणतात. आवाजामुळे नाही, बंद करायची कळ कुणाला सापडत नाही म्हणून.

तर मी पालिकेच्या सभेतून निघालो तो थेट तरणतलावावर आलो. पळत आलो म्हणणार होतो, पण माझे गुडघे पाहिलेला माणूस तिथंच हसेल. भराभर आलो. बूट दारात काढले, हातात घेतले आणि ओल्या फरशीवरून आत शिरलो. ताई पाण्यात चालत होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिचा डावा पाय जो रुसला तो रुसलाच. जमिनीवर तिला उभं करायला दोन माणसं लागतात आणि ती दोघांचाही उद्धार करते. पण छातीभर कोमट पाण्यात सोडली की बाई एकटी चालते. कठड्याला नुसतं बोट लावून, लग्नात मानपान घ्यायला निघालेल्या विहिणीच्या थाटात. पाणी मात्र कोमटच हवं. गार पाण्यात पाय लाकडासारखा आखडतो आणि मग बुडायलासुद्धा माणूस लागतो, असं तीच म्हणते.

पालिकेच्या खर्चकपातीत वाचनालय गेलं होतं, म्हाताऱ्यांची दुपारची बस गेली होती, दवाखाना आठवड्यातून एकदा ग्रहणासारखा दिसायचा. आज पाळी तलावाची होती. बॉयलर विझवायचा आणि इमारतीला कुलूप लावायचं, असा ठराव सभेपुढे होता. ताईला स्वतः जाऊन चार शब्द सुनवायचे होते. पण सभागृह वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट मागच्याच कपातीत बंद झालेली. म्हणून तिच्या वतीनं मी गेलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, सांगतो, पण तू थांबू नकोस. तू पाण्यातून चाल, मी काठानं चालतो. खरं तर मला एका जागी उभं राहवत नव्हतं. पाण्यात दुसरा होता आमचा न्हावी. उभं राहून राहून त्याची पाठ धरते, म्हणून तो सकाळी उताणा तरंगत पडतो. त्यानं डोळे न उघडताच बजावलं की रेडिओ लागलाय, आता अर्धं खरं धरा आणि अर्धं सोडून द्या. तलावावरचे रक्षक बेडूकमामा बॉयलरच्या खोलीच्या दारात उभे होते. किल्ल्यांचा जुडगा या खिशातून त्या खिशात, त्या खिशातून हातात, असा त्यांचा खेळ चालला होता. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि सुरुवात केली.

सभापतीबाई आल्या त्या हातात यादी घेऊन. म्हणाल्या, लोक आपल्याला नावं ठेवतात, तेव्हा कपातीची सुरुवात आपल्या घरापासून करू, आणि जे मंजूर होईल ते तत्काळ अमलात आणू. टाळ्या पडल्या. पहिला विषय सभागृहातली वीज. मंजूर. लगेच कुणीतरी उठून दिवे घालवले. पडदे जाड, त्यामुळे खोलीत ही अशी रात्र झाली. दुसरा विषय ध्वनिक्षेपक. तोही मंजूर, त्याची तार ओढली. आता अंधारात कोण काय बोलतंय कळेना. विरोधी पक्षाचा एक जण रागारागानं बोलत होता, त्याला दोन सभासदांनी आपलाच समजून पाठिंबा दिला.

ताई हसली. हसताना तिचा पाय थोडा अडखळला, पण तिनं लगेच पाऊल टाकलं. मला तेवढंच पाहिजे होतं. मी वेग वाढवला.

तिसरा विषय खुर्च्या. भाड्याच्या होत्या म्हणे. मंजूर झाल्या झाल्या हमाल आले आणि माणसं उठायची वाट न पाहता खुर्च्या उचलायला लागले. एक जाडजूड सभासद खुर्चीसकट जिन्यापर्यंत गेला. मतदानापुरता त्याला परत आणावा लागला.

न्हाव्यानं एक डोळा उघडून विचारलं की एवढ्या अंधारात रेडिओला हे सगळं दिसलं कसं. मी म्हटलं, माझे कान बघतात. तो म्हणाला, तरीच दाढी करताना तू आरशात न बघता बडबडत असतोस.

"त्याचं सोड रे," ताई म्हणाली. "तलावाचं काय झालं ते सांग."

येतोय, म्हटलं, तिकडेच येतोय. यादीत तलाव सगळ्यांत शेवटी. त्याच्या बरोबर आधी शिपायाची जागा. तुम्हाला आपल्या पालिकेची पद्धत ठाऊक आहे. मतदान सुरू करताना शिपाई घंटा वाजवतो, संपताना वाजवतो, आणि या दोन घंटांच्या मध्ये वर गेलेला हातच मोजायचा. सभापतीबाई या बाबतीत एवढ्या काटेकोर की मागे एकानं घंटेच्या आधी कान खाजवायला हात वर केला, तर त्याचं मत बाद झालं. तर शिपायाची जागा रद्द करायचा विषय निघाला. बिचाऱ्यानं स्वतःच घंटा वाजवली. हात वर गेले. पुन्हा घंटा वाजवली. झाली जागा रद्द, आणि तीही तत्काळ.

शिपायानं काय करावं? पट्टा काढला, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. प्रेक्षकांत. त्याच्या अंगाला घामाचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास येत होता, म्हणून तर अंधारात मला कळलं की हा तोच.

आता विषय तलावाचा. सभापतीबाई म्हणाल्या, घंटा. कुणी हलेना. पुन्हा म्हणाल्या, अरे, घंटा. शिपाई माझ्या शेजारून अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, मी आता जनता आहे."

न्हावी खो खो हसताना उलटा झाला आणि नाकात पाणी जाऊन खोकायला लागला. ताईनं चालता चालता त्याच्या पाठीत धपका घातला. तेवढ्यात बेडूकमामा दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, आता हे तोंड उघडणार. मी आवाज चढवला आणि सरळ त्यांच्या अंगावरच गोष्ट ढकलली. मामा, तुम्हीच सांगा, म्हटलं, घंटेशिवाय मत धरतात का कधी? मामांनी मान खाली घातली. किल्ल्या मुठीत दाबून धरल्या.

मग तिथं जी धांदल उडाली ती काय सांगू. एक सभासद म्हणाला, मी वाजवतो. सभापतीबाई म्हणाल्या, सभासदानं घंटा वाजवली तर तो मत देणार कुठल्या हातानं? दुसरा म्हणाला, शिपायाला थोड्या वेळापुरता परत ठेवू. पण ठेवायचं तर ठराव हवा, ठरावाला मतदान हवं आणि मतदानाला घंटा हवी. पुन्हा आपलं तेच. अंधारात सगळे एकमेकांच्या पायांवर उभे. कुणीतरी चाचपडत घंटेपर्यंत गेला, तर घंटाच सापडेना. ती खुर्च्यांबरोबर हमालांनी खाली नेली होती. शेवटी सभापतीबाई दमून म्हणाल्या, हा विषय राहू द्या. म्हणजे बघ ताई, तलाव राहिला. आहे तसा राहिला. पुढच्या वर्षापर्यंत घंटा कुठून आणतात ते बघू.

मी थांबलो. इतका वेळ काठानं येरझाऱ्या घालून पायमोजे चिंब झाले होते आणि बूट अजून हातातच होते. न्हावी पाण्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

ताई पलीकडच्या भिंतीपाशी पोचली होती. तिथं, पाण्याखाली, भिंतीत एक जाळी आहे. तिच्यातून बॉयलरचं गरम पाणी तलावात येतं. ताई वळली नाही. वाकून तिनं तळहात जाळीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी तिला म्हटलं, चल, वळ, अजून सभापतीबाईंच्या चपलेची गंमत राहिलीच आहे. हमालांनी ती सुद्धा खाली नेली होती, आणि मग बाई अनवाणी...

"आणि बॉयलर?" ताईनं माझ्याकडे न बघता विचारलं. "तो चालूच राहणार का?"

चालूच, मी म्हटलं. त्याला कोण हात लावतंय. आत्ताही मस्त धडधडतोय, मामांना विचार. तर बाई अनवाणी जिना उतरायला लागल्या आणि...

"खोटं बोलतोस," ताई म्हणाली. "इथून गार पाणी येतंय. ठराव झालाय, आणि तू दारातून आत आलास त्याच्या आधीच पालिकेचा फोन येऊन मामांनी बॉयलर विझवलाय. आता तोंड बंद कर आणि बाजूला हो. पाणी पुरतं गार व्हायच्या आत मला चालून घेऊ दे."