सोडलेला चेंडू

पहाटेची पाळी संपवून तिने बस आगारात लावली, तेव्हा तिची कंबर गियरच्या दांड्यासारखी ताठ झाली होती. बाकीचे ड्रायव्हर चहाच्या टपरीकडे वळले. तिने मात्र केबिनच्या मागून बॅटींची पिशवी ओढून काढली आणि खांद्यावर टाकली.

"चाललीस का गं लढाईला?" कंडक्टर म्हणाला.

"जाते बाबा. सेनापतीला सुट्टी नसते."

सेनापतीपद तिने मागून घेतलेलं नव्हतं, ते गळ्यात पडलेलं होतं. मुलींच्या बेसबॉल संघाचे आधीचे मास्तर बदली होऊन गेले. जाताना म्हणाले, "नवा माणूस मिळेपर्यंत महिनाभर सांभाळा." कॉलेजात ती चार दिवस खेळली होती हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. नवा माणूस काही आला नाही. महिन्याची दोन वर्षं झाली. तिची सख्खी भाची संघात होती, ती तिला आत्या म्हणायची, म्हणून बघता बघता सगळ्याच तिला आत्या म्हणायला लागल्या. सगळ्या बारा-तेरा वर्षांच्या. घरी एकही मूल नसलेल्या बाईला एका दमात चौदा भाच्या झाल्या, आणि त्यातल्या निम्म्यांना रोज काहीतरी दुखत असायचं.

स्टिअरिंगवर डोळा लागू नये म्हणून ती सिग्नलला थांबली की एकेकीचा विचार करायची. हिच्यात काय आहे? काहीतरी असतंच, हा तिचा हिशेब. चेंडू फेकणारी तोफ होती. तिचं बळ कुणी सांगायची गरज नव्हती, तिचा राग तेवढा आवरावा लागायचा. तिचे चेंडू झेलणारी भिंत. तिचा अंगठा सुजला तरी ती हूं की चूं करायची नाही, आणि तोफ भडकली की शांतपणे चालत जाऊन तिच्या बुटाची नाडी बांधून यायची. तेवढ्यात तोफ थंड व्हायची. खारूताईच्या हाताला ताकद नव्हती, पण तिच्या समोरून जमिनीलगत गेलेला चेंडू आजवर कुणी पाहिला नव्हता. आत्या हे जिचं तिला तोंडावर सांगायची. आपलं बळ कुठे आहे ते कळलं की पोरगी दोन बोटं उंच होते, असं तिचं मत होतं.

घोडं पेंड खायचं ते स्वतःच्या भाचीपाशी. पळायला संथ. फेकलेला चेंडू दोन टप्पे खाऊन मग पोचायचा. आणि बॅट घेऊन उभी राहिली की हलायचीच नाही, म्हणून पोरींनी तिचं नाव पुतळा ठेवलं होतं. आत्याने बरेच दिवस डोकं खाजवलं. मग एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की पुतळा खराब चेंडूला कधीच बॅट लावत नाही. कधीच. खालचा, वरचा, बाहेरचा, सगळे सोडते. आणि बेसबॉलमध्ये असे चार चेंडू सोडले की पहिला बेस फुकट मिळतो. संघात सगळ्यात जास्त वेळा बेसवर पोचत होती ती पुतळाच, फक्त ते कुणाच्या नजरेत भरत नव्हतं.

"तुझ्याकडे नजर आहे," आत्याने तिला सांगितलं. "वाईट चेंडू सोडायचा. कुणी काही म्हणो."

म्हणणारा घरातच होता. आत्याचा मोठा भाऊ, म्हणजे पुतळाचा बाप, इलेक्ट्रिशियन. दर सामन्याला जाळीच्या पलीकडे उभा राहून उंटावरून शेळ्या हाकायचा. "फिरव! अगं फिरव ना बॅट! शोभेला धरलीयेस का?" लोक हसायचे. पुतळाच्या मानेवर लाल चट्टा उमटायचा.

त्या हंगामात पोरींनी कधी नव्हे ती मजल मारली आणि उपांत्य सामना गाठला. सामना सुट्टीच्या दिवशी होता, पण आदल्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आजारी पडल्याने आत्याने दोन पाळ्या ओढल्या होत्या. ऊन कडक होतं. तिसऱ्या बेसजवळ उभी राहून ती खुणा करत होती, आणि मधूनच तिला वाटायचं, की मैदान बससारखं हळूच डावीकडे कलतंय.

शेवटचा डाव. एका धावेने मागे. दोन गडी बाद, तिन्ही बेसवर आपल्या पोरी. आणि बॅटिंगला पुतळा.

"देवा," तोफ पुटपुटली.

"फिरव!" जाळीमागून भाऊ.

पुतळाने पहिले दोन सोडले, दोन्ही खराब. पुढचे दोन चांगले होते. एक तिने सोडला, एकाला बॅट घासली. मग आणखी एक खराब, सोडला. आता पाच चेंडू झाले होते: तीन खराब, दोन चांगले. आणखी एक खराब पडला तर पुतळा पहिल्या बेसवर, तिसऱ्या बेसवरची पोरगी ढकलली जाऊन घरच्या बेसवर, म्हणजे एक धाव, आणि सामना बरोबरीत. तिसरा चांगला पडला आणि तिने सोडला किंवा चुकवला, तर ती बाद आणि खेळ खलास.

चेंडू आला. आत्या बाजूने बघत होती, तिला स्वच्छ दिसलं. चेंडू येता येता खाली बसला, पार नडगीपर्यंत. समोरच्या संघातल्या झेलणारीला हातमोजा जवळजवळ मातीला टेकवावा लागला. पुतळाने तो सोडला. बॅट खाली ठेवून ती पहिल्या बेसकडे निघालीसुद्धा.

पंचांनी हात वर केला. चेंडू चांगला, पुतळा बाद.

पुतळा अर्ध्या वाटेत थांबली. तिने पंचांकडे बघितलं नाही. आत्याकडे बघितलं.

पंच म्हातारे होते, सकाळपासूनचा तिसरा सामना करत होते, घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांना घरी जायचं होतं. आत्यालाही घरी जायचं होतं. मैदान ओलांडून तिथवर जायचं, वाद घालायचा, निकाल काही बदलणार नाही. तिने नुसती मान हलवली आणि पिशवीत बॅटी भरायला वाकली.

"एकदा तरी मारायची ना गं!" तोफेने हातमोजा आपटला. भिंत तिच्याकडे गेली, पण या वेळी नाडी बांधूनही काही होईना. जाळीमागे भाऊ दोन्ही हात कमरेवर ठेवून जमिनीकडे बघत होता. मग तो लेकीला घेऊन, एक शब्द न बोलता, निघून गेला.

पुढच्या सरावाला पुतळा आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. आत्याने फोन केला तर वहिनी म्हणाली, "अभ्यास आहे म्हणते." वहिनीला खोटं बोलता येत नसे. आत्या म्हणाली बरं, आणि फोन ठेवला. तिला वाटलं, बरंच झालं. तेरा तर तेरा. तिचाही जीव मेटाकुटीला आला होता. पण त्या दिवसापासून सिग्नलला बस थांबली की दुसरी कुणी डोळ्यांसमोर येईना. अर्ध्या वाटेत थांबलेली ती पोरगी तेवढी यायची.

शेवटी एका संध्याकाळी ती आगारातून थेट भावाकडे गेली.

इमारतीच्या खालच्या पार्किंगमधूनच आवाज येत होता. "फिरव! हां, फिरव! पुन्हा!" भाऊ रबरी चेंडू फेकत होता आणि पुतळा येईल त्या चेंडूला बॅट फिरवत होती. डोक्यावरून गेलेल्याला, पायाशी पडलेल्याला, सगळ्यांना. एकही लागत नव्हता. तिचा चेहरा अगदी कोरा होता.

"ही काय कसरत लावलीयेस, दादा?"

"तुझी घाण काढतोय," भाऊ म्हणाला. "सोड म्हणे, सोड म्हणे. नुसतं उभं राहायला शिकवलंस तिला. जगात कुणी उभं राहून काही मिळवलंय का?"

आत्याला भांडायचं त्राण नव्हतं. तिने भाचीच्या हातातून बॅट काढून घेतली आणि भावापुढे धरली. "तू उभा राहा. मी फेकते."

"मी कशाला?"

"घाबरलास?"

लहानपणापासून हा शब्द त्याला पुरत असे. त्याने बाह्या दुमडल्या. पुतळा एका स्कूटरच्या सीटवर जाऊन बसली. आत्याने खांदा झटकला आणि चेंडू फेकला. भावाने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेतली.

"खाली होता," स्कूटरवरून हळूच आवाज आला.

दुसऱ्याला त्याने आणखी जोर लावला. "बाहेर," आवाज म्हणाला, आणि तोही चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच. "वर... पुन्हा बाहेर... हा चांगला आहे बाबा, मार!" पण तोवर बाबाचा दम उखडला होता, आणि तो चांगला चेंडू त्याच्या बरगडीपाशी येऊन शांतपणे आदळला.

भाऊ मटकन पायरीवर बसला. थोडा वेळ नुसता धापा टाकत राहिला. "तुला कसं कळतं गं आधीच?" त्याने लेकीला विचारलं. आवाजात राग नव्हता, राग धरायला श्वास लागतो.

"भीती वाटते म्हणून," पुतळा म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघायला लागले.

"आत्या म्हणते नजर आहे. नजर-बिजर काही नाही. चेंडू लागेल अशी भीती वाटते, म्हणून मी त्याच्यावरून डोळे हलवत नाही. फेकणारीच्या हातातून सुटला, की तो मला खूप मोठा दिसतो. कुठे येणार ते दिसतं. मग जो मारण्यासारखा नसतो तो मी जाऊ देते." ती स्कूटरच्या आरशाचा पेच फिरवत होती. "मी घाबरट आहे, एवढंच."

इतके दिवस आत्या ज्याला बळ म्हणत आली होती, त्याची मुळं भलत्याच मातीत होती. "घाबरणाऱ्या डोळे मिटतात," ती म्हणाली. "तू उघडे ठेवतेस. मी तरी त्याला नजरच म्हणणार."

"मग त्या दिवशी तू पंचांना काही बोलली का नाहीस?"

आत्या खाली पडलेला चेंडू उचलायला वाकली.

"तूच म्हणालीस सोडायचा, कुणी काही म्हणो," पुतळा म्हणाली. "मी सोडला. सगळ्या माझ्यावर ओरडल्या. बाबा ओरडले नाहीत ते तर त्याहून वाईट. तुला दिसलं होतं, तू तिथेच होतीस. तू पिशवी भरायला लागलीस."

"दमले होते गं," आत्या म्हणाली.

ते तिच्या स्वतःच्या कानांनाही अपुरं वाटलं. पण त्याहून जास्त खरं तिच्याजवळ काही नव्हतं. "बोलून उपयोग झाला नसता, असं वाटलं मला. उपयोग झाला नसताच. पण तरी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

पुतळाने नाक पुसलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि आत्यानेही विचारलं नाही.

"जेवायला येताय की पार्किंगमध्येच वाढू?" वरून वहिनीचा आवाज आला.

जेवताना घास हातातच राहून आत्याला दोनदा डुलकी लागली. दुसऱ्यांदा पुतळाने तिच्या कोपराला हळूच ढोसलं. निघताना भाऊ तिला रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

"सोडून का देत नाहीस हे?" तो म्हणाला. "बस चालवतेस तेवढं पुरे नाही का?"

"कुणाला देऊ? तू घेतोस?"

तो हसला, मग गंभीर झाला. "मंगळवारी सरावाला येऊ का? चेंडू गोळा करायला?"

"ये. पण तोंडाला कुलूप लावून."

तो दोन मंगळवार आला. खरोखरच गप्प राहिला, चेंडू गोळा केले, आणि तिसऱ्या मंगळवारी कामाचं निमित्त काढून गायब झाला. पुतळा मात्र परत आली. लगेच नाही, आठवडाभर वाट बघायला लावून. तोफेने तिला पाहून तोंड वाकडं केलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "उभी राहा इथे. माझे चेंडू कुठे पडतात ते सांग. भिंत काही सांगत नाही, नुसती झेलत बसते."

पुतळा उभी राहिली. "खाली," ती म्हणाली. "पुन्हा खाली. तुझा खांदा लवकर पडतोय."

तोफ चिडली, पण पुढचा चेंडू तिने जरा वर टाकला.

आत्या बाकावर बसून बघत होती. पाय सुजले होते, उद्या पुन्हा पहाटेची पाळी होती. पिशवीवर डोकं टेकून तिने जरा डोळे मिटले, आणि पोरींच्या गलक्यातून तो एकच आवाज, न ओरडता, तिला ऐकू येत राहिला: बाहेर. वर. हा चांगला.