डावीकडची पट्टी

शिंप्याने खिशातून टेप काढला तेव्हा काउंटरमागच्या बाईंना वाटलं, हा माणूस आता आपलंच माप घेतो की काय. पण त्याने टेप टॅबलेटच्या पडद्यावर आडवा ठेवला, चष्मा नाकावर सारला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अकरा इंच म्हणालात. हे तर सव्वानऊ भरतंय."

"काका, हे तिरकं मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"म्हणजे उरेब!"

"काय?"

"तिरप्या कापाला आम्ही उरेब म्हणतो." त्याने टेप तिरपा धरला. अकरा, सूतभरही कमी नाही. आपल्याला कुणी गंडवत नाहीये एवढं कळलं की शिंपी लोण्यासारखा मऊ व्हायचा. त्याने बाईंना पुढचे टॅबलेट काढायला सांगितले.

टॅबलेट भाचीसाठी होता. ती कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती आणि तिला पेनाने पडद्यावर रेघा मारता येतील असा हवा होता, असं ताई फोनवर बोलता बोलता म्हणाली. "मी घेतो," म्हणून मामाने विषयच मिटवला. ताई चाट पडली. तिचा भाऊ तसा हात आखडता घेणाराच.

खरं कारण ताईला ठाऊक नव्हतं. भाची सात वर्षांची असताना शाळा सुटल्यावर मामाच्या दुकानात बसायची आणि चिंध्या कापायची. डावखुरी. दुकानातली कात्री उजव्या हाताची. डाव्या हातात ती कापड कापत नाही, चावते. मामाने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं आणि शेवटी लाकडी पट्टी हातात घेतली. डावा हात पुढे आला की पट्टी. कात्रीवरून सुरू झालेलं हे प्रकरण पेन्सिलीपर्यंत गेलं. वर्षभरात पोरगी दुकानात यायची बंद झाली. हट्टी आहे, सुधारायची नाही, असं म्हणून मामाने हात झटकले.

आणि मागच्या महिन्यात सुयादोऱ्यांच्या दुकानात त्याला डाव्या हाताची कात्री दिसली. अशी कात्री असते हे त्याला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि घरी पोचला तरी ती गेली नाही.

"याचं पेन डाव्या हाताने चालतं?" त्याने विचारलं.

"पेनाला कसलं आलंय डावं-उजवं, काका!"

कात्रीबद्दल तोही तीस वर्षं असंच बोलत आला होता. भाची अजून कप डाव्याच हाताने उचलते, हे त्याने हेरून ठेवलं होतं. लिहीतही तशीच असणार. त्याने पेन डाव्या हातात धरलं, तळवा पडद्यावर टेकवला आणि लिहू लागला. पहिल्या टॅबलेटवर तळव्याच्याही रेघा उमटल्या. दुसऱ्यावर मध्येच रेघ तुटली. मागच्या गिऱ्हाइकाने मोठ्याने उसासा टाकला. तिसऱ्यावर मात्र फक्त पेनाची रेघ आली, वाकडीतिकडी पण एकच. मामाचा जीव भांड्यात पडला. बाईंनी रंग विचारला, तर म्हणाला, "कुठलाही द्या, मी त्याला जुळेल असं अस्तर लावीन."

कोटाच्या उरलेल्या कापडाचं त्याने कव्हर शिवलं आणि पेन अडकवायला डावीकडे एक कापडी पट्टी लावली. सवयीने ती दोनदा उजवीकडे शिवली गेली. दोन्ही वेळा त्याने स्वतःला शिव्या घालत उसवली.

रविवारी तो ताईकडे गेला. भाचीने कव्हरवरून बोट फिरवलं.

"मामा, हे तू शिवलंस?"

"नाही, पंतप्रधानांनी."

ती हसली. मामाचं सगळं लक्ष पट्टीकडे. आता हिच्या लक्षात येईल, आता ही बघेल आपल्याकडे. काय बोलायचं ते त्याने वाटेत तीनदा घोकलं होतं.

भाचीने पट्टीतून पेन ओढलं, उजव्या हातात घेतलं आणि पडद्यावर आपलं नाव लिहिलं. सुबक, गोलसर अक्षर.

"उजव्याने?" मामाच्या तोंडून निघून गेलं.

"मग? तूच शिकवलंस की." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"डाव्याने येतच नाही आता?"

"कोण जाणे. तेव्हापासून धरलंच नाही."

तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि एक रेघ मारली. पहिलीतल्या पोराची असते तशी थरथरती आली. मामाने घोकलेलं आता काहीच लागू पडत नव्हतं. डोळे भरून आले म्हणून त्याने उगाच नाक शिंकरलं आणि खिशातली छोटी कात्री काढली.

"दे इकडे. पट्टी उजवीकडे करून देतो. पाच मिनिटांचं काम."

भाचीने कव्हर आपल्याकडे ओढून घेतलं.

"नको. असू दे तिथेच," ती म्हणाली, आणि डाव्याच हाताने पहिल्या रेघेखाली दुसरी मारली. ती पहिलीपेक्षाही वाकडी आली.