शालूचं म्हणणं

दिगंबरने सिरिंज छातीच्या उंचीला धरली आणि नाचणीची पेज नळीतून हळूहळू उतरू दिली. नळी शालूच्या नाकातून थेट पोटात गेलेली होती. हात जरा वर गेला की पेज भसकन उतरायची आणि तिला मळमळायचं. खाली आला की पेज नळीतच अडून बसायची. शालू उशांना टेकली होती. गळ्यात पांढऱ्या नाडीने बांधलेली श्वासाची नळी, कानापासून हनुवटीखालपर्यंत टाके, डाव्या मनगटाला जाड बँडेज. तिने पलंगाच्या कडेवर बोट आपटलं. दिगंबरने हात खाली घेतला. तिने पुन्हा आपटलं, जरा जोरात. त्याने हात थोडा वर केला.

"कळलं," तो म्हणाला. "घाईही नको आणि झोपाही नको काढायला."

तिने डोळे मिटून घेतले. एरवी या वाक्यावर तिने त्याची चांगलीच हजेरी घेतली असती.

बुधवार पेठेत रेडिओ आणि वायरींच्या दुकानांच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकान दिगंबरचं, पण ते चालायचं शालूच्या तोंडावर. तरुणपणी दिगंबर वाशीमकडून कामाच्या शोधात पुण्यात आला, तेव्हा त्याच्या वऱ्हाडी हेलाला लोक हसायचे. त्याने बोलणंच कमी करून टाकलं. पुढे लग्न झालं ते कसब्यात वाढलेल्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या मुलीशी. तो मागे बसून उघडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये डोकं घालायचा आणि ती पुढे गिऱ्हाईक बघायची. "हा रेडिओ इथे दुरुस्त होईल का?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "नाही, इथे आम्ही त्याला हार घालून ठेवतो." गिऱ्हाईक हिरमुसायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याकडेच यायचं.

नंतर बाहेरचा माल स्वस्त झाला. बिघडलेली वस्तू टाकून नवी घेणं लोकांना सोपं वाटायला लागलं. मुलगा रोहन कॉम्प्युटर शिकून हिंजवडीला नोकरीला लागला आणि कंपनीजवळच राहू लागला. गल्लीतली जुनी दुकानं मोबाइलची झाली. हे दोघं मात्र रोज कात्रजहून बस धरून जायचे आणि दुकान उघडायचे. घरी बसून तुमचं तोंड किती वेळ बघू, असं शालूचं म्हणणं होतं.

जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा तो टोकदार दाढेमुळे आलाय, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. दाढ काढली, फोड राहिला. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर खळदकर बाईंनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. जीभ निम्म्याहून जास्त काढावी लागली. मानेतल्या गाठी काढल्या. मनगटाची कातडी घेऊन तोंडात ठिगळ लावलं. ऑपरेशन चांगलं झालं असं बाई म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. पण पुढे मानेचा टाका एका ठिकाणी उसवला आणि तिथून लाळ बाहेर यायला लागली. जखम भरेना. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. घरी जायचा दिवस पुढे पुढे जात राहिला.

दिगंबर दवाखान्यातच राहिला. गळ्याच्या नळीत कफ साठला की कसा ओढून घ्यायचा, आतली नळी काढून कशी धुवायची, हे नर्सकडून शिकला. पहिल्या वेळी त्याचा हात पुढे होईना, तेव्हा शालूनेच त्याचं मनगट धरून नळीशी नेलं. त्यानंतर किरणांचा शेक सुरू झाला. त्याने तोंड आतून सोलवटलं, मानेची कातडी काळी पडली, आणि पाण्याचा घोटसुद्धा तिला काचेसारखा लागायचा. एकदा तिने पेजेची वाटी हाताने बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दिगंबर वाटी घेऊन तसाच बसला. ती पुन्हा वळेपर्यंत पेज गार झाली होती. त्याने ती पुन्हा कोमट करून आणली.

नळ्या निघाल्या, गळ्यातलं भोक बुजलं आणि ती घरी आली, त्यानंतरची गोष्ट. दिगंबर स्वयंपाकघरात मिक्सरचं भांडं विसळत होता. मागून हाक आली.

"अहो."

भांडं त्याच्या हातून निसटलं. शब्द अगदी पहिल्यासारखा होता. त्या शब्दाला जिभेचं कामच नव्हतं. बाकीचे शब्द मात्र गेले होते. 'पाणी' म्हणायला जावं तर 'पाई' यायचं; तिचं स्वतःचं नाव तर नुसत्या वाऱ्यासारखं निघायचं. ऐकणारा दोन वेळा 'काय?' म्हणायचा आणि तिसऱ्यांदा कळल्यासारखी मान हलवायचा. दिगंबरला मात्र हळूहळू कळायला लागलं. अर्धं वाक्य तो आवाजावरून ओळखायचा, अर्धं तिच्या स्वभावावरून. थोड्याच दिवसांत त्याला ती मोडकी अक्षरं ऐकूच येईनाशी झाली. सरळ तिचं बोलणंच ऐकू यायचं.

अशा तऱ्हेने जन्मभर गप्प बसलेला माणूस बायकोच्या वतीने बोलायला लागला. दूधवाला, शेजारी, फोनवरचे नातेवाईक, सगळ्यांना शालूचं म्हणणं तोच सांगायचा.

त्याची चुलत बहीण विमलाबाई भेटायला आली. पलंगाजवळ खुर्ची ओढून तिने बराच वेळ सुस्कारे टाकले आणि मग विचारलं, शालू चोरून मिश्री लावायची का? नाहीतर हे दुखणं तिलाच कसं झालं?

शालू काहीतरी बोलली. विमलाबाईने दिगंबरकडे बघितलं. 'दुखण्याचा पत्ता चुकला, वन्सं. ते तुमच्याकडे यायला निघालं होतं,' असं शालू म्हणाली होती.

"ती म्हणतेय, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," दिगंबर म्हणाला.

शालू क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसत होती, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ पुसायचंही तिला भान नव्हतं. तेव्हापासून तो त्यांचा खेळच झाला. ती मनाला येईल ते बोलायची आणि तो लोकांना रुचेल ते सांगायचा. रोहनने तिच्यासाठी लिहायची पाटी आणली तेव्हा ती म्हणाली, मला काय पहिलीत बसवतोस? दिगंबरने सांगितलं, हात दुखतो म्हणतेय. रोहनने पाटी परत नेली.

थंडी सरता सरता मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली.

या वेळी रोहन रजा घेऊन बरोबर आला होता. खळदकर बाईंनी आडपडदा ठेवला नाही. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण उरलेली जीभ काढावी लागेल आणि बरोबर स्वरयंत्रही. एवढं करून गाठ परत येणार नाही अशी हमी नाही. ऑपरेशन नको असेल तर दुखणं आटोक्यात ठेवता येईल. मात्र मग हातात काही महिनेच असतील. रोहन लगेच ऑपरेशनच्या तारखा विचारायला लागला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि शालूला विचारलं, काकू, तुम्हाला काय वाटतं?

शालूने ओठ पुसले. 'नको,' ती म्हणाली. 'पुष्कळ झालं. मला घरी राहू द्या.'

बाई दिगंबरकडे वळल्या.

"काय म्हणतात काकू?"

 रोहन खुर्चीच्या कडेवर येऊन दिगंबरकडे बघत होता.

"विचारतेय," दिगंबर म्हणाला, "की ऑपरेशन लवकरात लवकर कधी होईल."

रोहनने सुटकेचा निःश्वास टाकला. मान हलवून नाही म्हणणं शालूला सहज जमलं असतं. ती हलली नाही. एकदा दिगंबरकडे बघून तिने पदर सावरला आणि ती उठली.

घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली. रागाने भांडी आपटणं नाही, रुसणं नाही. दिलेलं जेवण घोट घोट करून संपवायची, औषध घ्यायची, गॅलरीत बसून समोरच्या टेकडीकडे बघायची. दिगंबर काही विचारायला गेला की मान हलवून हो किंवा नाही. सगळ्या घरात त्याचाच एकट्याचा आवाज उरला, आणि त्याला तो ऐकवेना.

दवाखान्यात दाखल व्हायचा दिवस जवळ आला. सकाळी वरण गाळता गाळता तो थांबला आणि चाळणी तशीच ठेवून गॅलरीत गेला.

"शालू, काहीतरी बोल."

"कशाला?" ती म्हणाली. "तुम्हाला पाहिजे ते तुम्ही सांगताच की."

तो खाली फरशीवर बसला.

"मग तिथेच मान का नाही हलवलीस?"

"रोहनसमोर तुम्हाला खोटं पाडायचं?"

 खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"मी घाबरलो," दिगंबर म्हणाला.

"मीही घाबरलेय." बोलून बोलून तिला धाप लागत होती, दोन शब्दांमध्ये ती थांबत होती. "विमलावन्संना काय वाटेल ते सांगा. पण हे नाही. मला एकच तोंड उरलंय, आणि ते तुमच्याकडे आहे. ते माझं राहू द्या."

दिगंबरने मान खाली घातली. त्याने विचारलं, तू गेल्यावर मी कुणाशी बोलू? त्यावर शालू म्हणाली, वन्सं आहेत की, मिश्रीबद्दल सांगतील. दोघांनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

दुपारी त्याने रोहनला फोन करून खळदकर बाईंची भेट पुन्हा ठरवायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. रोहन परस्पर दवाखान्यात आला. त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर ते बसले. शालू बोलली. नेहमीपेक्षा जास्त बोलली, थांबत थांबत. बाई वाट बघत राहिल्या. तिचं संपल्यावर दिगंबरने गुडघ्यांवर हात ठेवले.

"मला ऑपरेशन नको," तो म्हणाला. आपण 'मला' म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याने ते बदललं नाही. "हा आवाज मी फार कष्टाने कमावलाय. लोकांना कळत नसला तरी माझा आहे. तो मी देणार नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे घरी राहीन आणि बोलेन."

रोहनचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, हे आईचं म्हणणं आहे की तुमचं?"

"मागच्या वेळचं माझं होतं," दिगंबर म्हणाला. "हे तिचं आहे."

"आई?"

शालूने मान हलवली. हो. दिगंबरला वाटलं होतं, आता तिला हलकं वाटेल. पण आपलंच म्हणणं असं स्वच्छ, एकेक अक्षर जागच्या जागी, नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर शालूचा धीर सुटला. इतक्या दिवसांत, शेकाच्या वेदनांतही, ती रडली नव्हती. आता ती टेबलाची कड धरून रडायला लागली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मग, तिला पाणी सहज पिता येत नाही हे आठवून, हळूच मागे घेतला. रोहन उठून बाहेर गेला. दिगंबर त्याच्यामागे गेला नाही. तो शालूच्या शेजारी बसून राहिला.

पुढचे महिने त्यांनी कात्रजच्या घरी काढले. रोहन सामान घेऊन राहायला आला. बरेच दिवस तो बापाशी कामापुरतंच बोलायचा. एकदा मात्र त्याने आईच्या तोंडाजवळ कान नेला, आणि तिला गादीखालची घडी टोचतेय हे त्याचं त्याला कळलं. घडी सरळ करून झाल्यावर तो बापाला म्हणाला, थोडं थोडं येतंय मला. दिगंबर आता शालूचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचा. विमलाबाई पुन्हा आली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुखणी सांगत बसली. दिगंबर म्हणाला, ती म्हणतेय तुम्ही बोलत राहा, मी मधल्या मध्ये डुलकी काढते. विमलाबाई आधी चपापली. मग म्हणाली, मेलीचं तोंड काही सुधारलं नाही, आणि पदराने डोळे पुसत शालूचे पाय चेपायला बसली.

उन्हाळ्यात शालू थकत गेली. गाठ वाढली, तसा आवाजही दबत गेला. दिवसातून एखादंच वाक्य यायचं, नंतर तेही येईना.

एका दुपारी दिगंबर तिच्या ओठांना ओला कापूस लावत होता. रोहन पायाशी बसला होता. शालूने डोळे उघडले, दिगंबरला शोधलं आणि ती बोलली. फार नाही, चार-पाच शब्द. बाहेरून ऐकणाऱ्याला तो श्वासच वाटला असता. दिगंबरचा कापसाचा हात तिथेच थांबला.

रोहन पुढे झुकला.

"काय म्हणाली आई? मला नाही कळलं."

दिगंबरने कापूस वाटीत ठेवला. तिच्या अंगावरची चादर खांद्यापर्यंत ओढली, वरची सुरकुती हाताने सारखी केली. त्याला शब्द न् शब्द कळला होता, आणि तो फक्त त्याच्यासाठी होता.

"मलाही नाही समजलं रे," तो म्हणाला.

शालूने ते ऐकलं. मान तिला अजून हलवता येत होती. तिने ती हलवली नाही.